लोनीचं नाक आणि ओलेटाची रायफल

आमच्या लोनीच्या नाकाची गावात ख्याती आहे. माणूस बोलायला मुखदुर्बळ, पण पुढ्यात बंदूक आली की आधी हुंगणार. एकदा चर्चचं जेवण आटोपल्यावर पाद्रीबुवांनी गाडीतून आपली बंदूक काढून दाखवली, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ठेवली होती का?" पाद्रीबुवा लाजले, कारण खरंच तिथेच ठेवली होती.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लोकांच्या बंदुका दुरुस्त करतो. त्याचा बापही तेच करायचा. लग्न झाल्यापासून माझ्या उशीला वंगणाचा वास आहे आणि मी कधी हूं की चूं केलं नाही. माझ्या नवऱ्याचा वास तो. माझाच.

मग ओलेटा ट्रॅमेल आली. हिचा नवरा हॉरिस गेल्या वर्षी वारला. रानडुकरांनी तिचं ओटचं शेत उकरून टाकलं होतं. डुकरं मारावीत तर शेताला लागूनच तिच्या गाभण घोड्या चरतात, आणि बंदुकीच्या बाराच्या आवाजाने बुजून एक घोडी काटेरी तारेत घुसली होती. म्हणून बाईंना आपली रायफल आवाज न करणारी करून हवी होती.

आता यात गोम अशी आहे. नेहमीची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, म्हणून ती कडाडते. संथ गोळी भरली आणि नळीला सायलेन्सर लावला, की दार आपटल्याएवढाच आवाज येतो. पण संथ गोळीत दम कमी. ही रायफल बाराच्याच जोरावर नळीमागचा सरकता बोल्ट मागे ढकलते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि नवं आत घेते. जोर कमी पडला की बोल्ट अर्ध्यावर थांबतो, काडतूस अडकतं आणि तोवर डुकरं पसार. दर वेळी हाताने बोल्ट ओढावा, तर ओलेटाची बोटं संधिवाताने आखडलेली.

लोनी महिनाभर त्या रायफलला चिकटून होता. स्प्रिंगा बदलल्या, कानस चालवली, कॉफी गार होऊ दिली. शेवटी शेडमागे त्याने ती चालवून दाखवली. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या टपाटप गवतात पडत होत्या. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, काय सांगू! म्हटलं, सुटलो एकदाचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "लोनी, पुन्हा अडकली रे!"

लोनी गेला, रायफल घेऊन आला, शेडचं दार लावून बसला. संध्याकाळी चालवून बघितली तर झकास चालली. नेऊन दिली, आणि उजाडताच पुन्हा फोन. सगळा हिवाळा हेच. फोन आला की लोनी दाढी करायचा. वर्किंग डेला दाढी, माझा लोनी! आणि मोत्याच्या बटणांचा शर्ट, जो मी त्याला इस्टरसाठी घेतला होता.

"रायफल दुरुस्त करायला एवढं नटायला लागतं?" मी विचारायची.

"ओलेटाकडे स्वच्छ असतं सगळं," तो म्हणायचा.

म्हणजे माझ्याकडे काय उकिरडा आहे? मी बिस्किटं पुढे ठेवली की म्हणायचा, "भूक नाही, नेल्डा. तिकडे खाल्ली." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला वाटायचं, ती बयाच मुद्दाम काहीतरी करत असणार. कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की.

एका सकाळी फोन यायच्या आधीच मी ट्रकमध्ये जाऊन बसले. "आज फोनच्या आधीच जाऊ, मी पण येणार," म्हटलं. लोनीने ट्रक सुरू केला.

गवतावर हिव पडलं होतं. ओलेटा हॉरिसचा कोट घालून गंजीआड बसली होती. तिच्या शेजारी आम्हीही बसलो. ओढ्यातून डुकरं वर आली. तिने नेम धरला. धप्प. एक डुक्कर आडवं झालं. पुन्हा चाप ओढला, तर काही नाही. काडतूस अडकलेलं, कळप ओढ्यात परत.

"बघितलंस?" ओलेटा रडवेली झाली.

लोनीने हात पुढे केला, पण रायफल मी घेतली. मीही बंदुकीच्या घरात वाढलेय. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, रायफल उघडली, आणि बोटं बरबटली. बोल्टावर ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं ग्रीस, घट्ट, काळं, थंडीने मेणासारखं झालेलं.

"ओलेटा, हे काय गं?"

"हॉरिस म्हणायचा ना, लोखंड कोरडं झोपवायचं नाही. फाटकाच्या बिजागऱ्या, नांगर, बंदुका, सगळ्याला रोज हेच. मी पण लावते." तिचा चेहरा लहान पोरीसारखा भाबडा. "चुकलं का काही?"

म्हणजे हिचं मुद्दाम काहीच नव्हतं. मी लोनीकडे बघितलं. तो घोड्यांकडे बघत होता.

पाद्रीबुवांच्या बंदुकीतली कोंबडी हुंगणारा हा माणूस! रोज संध्याकाळी हेच ग्रीस त्याने स्वतःच्या हातांनी पुसलं होतं. पुसायचं, रायफल नेऊन द्यायची, आणि एका शब्दाने सांगायचं नाही की बाई, लावू नकोस. बयेने मुद्दाम केलं असतं तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. याचं काय धरू?

मी डोक्याचा रुमाल सोडला आणि बोल्ट लख्ख पुसला. "ओलेटा, एवढा चिखल ढकलायचा दम संथ गोळीत नसतो. पातळ तेलाचा हलका हात, बास. आणि ग्रीस बिजागऱ्यांना ठेव."

ऊन वर आलं तशी डुकरं पुन्हा बाहेर पडली. धप्प, धप्प, धप्प. पुंगळ्या उड्या मारत बाहेर पडत होत्या. घोड्यांनी चरता चरता मानही वर केली नाही. ओलेटाने मला मिठी मारली, रडली, हसली.

"एवढंच होतं! अरे लोनी, तुला कसं नाही कळलं?"

"सर्दी होती," लोनी म्हणाला. "नाक चोंदलं होतं."

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. लोनी मात्र दाढी करून, मोत्याच्या बटणांचा शर्ट घालून फोनजवळ बसला होता. मी भट्टीतली गरम बिस्किटं त्याच्यापुढे ठेवली. त्याने सवयीने एक उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं.

"भूक नाही, नेल्डा."

"सर्दी गेली वाटतं," मी म्हणाले.