रिकामं पॅकेज

पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात तिचा सख्खा भाचा एकच होता, पण त्याचं ऐकून सगळेच तिला आत्या म्हणायला लागले होते. पाण्यात क्लोरीन किती आहे हे मोजणारा आणि लागेल तेवढा सोडणारा प्रोग्राम तिच्या हातचा. तो लिनक्स प्रणालीच्या कॉम्प्युटरवर बसेल असा बांधून, त्याचं पॅकेज, म्हणजे थेट बसवता येईल असा बंद डबा, करून ठेवणं हे तिचं वीस वर्षांचं काम. जीभ तिखट. कुणी नुसतं नाव वाचून पॅकेज टाकलं की ती म्हणायची, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. उघडून आत बघत जा रे." भाच्याला तर हे वाक्य झोपेतही ऐकू येत असेल.

त्या दिवशी सकाळी प्रोग्राम ज्यावर चालायचा ते जुनं मशीन मेलं. आत्या डोळे तपासायला गेलेली. भाच्याने नवं मशीन लावलं, त्यावर लिनक्सही नवं. केंद्राच्या साठ्यातली पॅकेजं एकामागून एक बसली, कुठे तक्रार नाही. प्रोग्राम मात्र सुरू केला की पडायचा. गरजेची लायब्ररी, म्हणजे ज्या तयार कोडच्या आधारावर तो चालतो ती फाईल, सापडत नाही, एवढंच म्हणायचा.

चार वाजता गावाला पाणी सोडायचं होतं. क्लोरीन मोजल्याशिवाय एक थेंबही सोडायचा नाही, हा नियम. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "चारला पाणी सुटलं नाही, तर मशीन ज्यानं लावलं त्यानं उद्यापासून यायचं नाही." भाचा लागून पाच महिने झाले होते, तेही आत्याच्या शब्दावर. घरी दोन वर्षांची मुलगी.

आत्या आली तेव्हा पावणेतीन झाले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, पडद्यावरची अक्षरं नुसती पांढरी धुरकट.

"मला काही दिसत नाहीये. तू वाच," ती खुर्ची ओढत म्हणाली. "ती लायब्ररी बसलीय का?"

"बसलीय म्हणतंय."

"म्हणतंय ते सोड. फाईल जागेवर आहे का?"

"नाही."

आत्याच्या कपाळावर आठी पडली. पॅकेज बसलंय आणि त्यातली वस्तू नाही, म्हणजे डब्यावर घट्ट झाकण आणि आत हवा.

"आत काय आहे वाच."

"काहीच नाही. रिकामं आहे."

"कोणत्या शहाण्यानं केलंय हे? बनवणाऱ्याचं नाव वाच."

तो बोलेना. तीन वाजून गेले होते. आत्याने चिडून त्याला बाजूला सारलं, पडद्याला नाक लावलं, डोळे बारीक केले. खालच्या ओळीत तिचंच नाव होतं.

सात वर्षांपूर्वीची ती दुपार तिला लख्ख आठवली. तेव्हा ही लायब्ररी तयार मिळत नव्हती, म्हणून तिने ती स्वतः बांधून जुन्या मशीनमध्ये हाताने ठेवली होती. पण प्रोग्रामला काय काय लागतं ती त्याच्या पॅकेजमधली यादी ऐकेना, त्या नावाचं पॅकेज हवंच म्हणून अडून बसली. यादीचं तोंड बंद करायला आत्याने त्या नावाचं एक पोकळ पॅकेज करून साठ्यात टाकलं. उद्या नीट करू म्हणाली. तो उद्या कधी उगवलाच नाही. जुनं मशीन चालत राहिलं, आणि आज खरी लायब्ररी त्याच्याबरोबर गेली.

"ते उडव आधी," ती म्हणाली. "नव्या लिनक्सवर ही लायब्ररी तयार मिळते, पण दुसऱ्या नावानं. शोध. मी सांगते ते टाईप कर."

खरी लायब्ररी बसली. प्रोग्रामच्या यादीत जुन्या नावाच्या जागी नवं नाव घातलं. मग प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला. त्याला वीस मिनिटं लागतात, ती कुणाच्या बापाला कमी करता येत नाहीत. आत्या हाताची घडी घालून बसली. मनात एक नको ते येऊन गेलं: पोकळ पॅकेज तर उडालं, आता कुणाला कळणार आहे? तिला स्वतःचीच शिसारी आली.

चारला सात मिनिटं असताना पडद्यावर आकडा आला. क्लोरीन बरोबर होता. साहेब दारातच उभे होते.

"माझी चूक झाली, साहेब," भाचा पटकन म्हणाला.

"गप्प बस," आत्या म्हणाली. "साहेब, चूक माझी आहे. सात वर्षांपूर्वीची. याचा काही संबंध नाही. मी लिहून देते."

साहेबांनी दोघांकडे पाहिलं. "उद्या सकाळी द्या, बाई. याला येऊ दे उद्या," म्हणाले आणि पाणी सोडायला सांगायला गेले.

खोलीत दोघंच उरली. खाली पंप सुरू झाला, टेबल थरथरायला लागलं. आत्याचा धीर परत आला, आणि त्याच्याबरोबर जीभही.

"आणि तू रे? सकाळपासून डोकं फोडत होतास. एकदा उघडून आत बघावंसं नाही वाटलं?"

"बघितलं होतं, आत्या. नऊ वाजताच," तो खाली बघत म्हणाला. "रिकामं होतं. पण खाली तुझं नाव होतं, म्हणून परत बंद केलं."