दहा वर्षांच्या पोरीचं कापड

"आधी उलटी बाजू दाखवा." कितीही भारी साडी न्या, शारजात आमच्या इमारतीखाली बसणारा रफूगर पहिलं हेच म्हणायचा. सुलट बाजूवर कुणीही मिरवतं, खरं काय ते उलटीवर कळतं, असं त्याचं म्हणणं. काम झालं की सुई टोपीत खोचून "खलास!" माणूस रत्नागिरीकडचा. मला वहिनी म्हणायचा, मी त्याला भाई. माझी मुलं इंग्रजीत बोलली की हा त्यांना कोपरापासून हात जोडायचा. असा शेजारी तुम्हालाही कधी लाभला असेल.

एकदा एका अमेरिकन मॅडमनं जुनं कापड आणून दिलं. पूर्वी तिकडच्या मुली शिवण शिकताना असं एक कापड भरायच्या. त्यावर एबीसीडी, घर, झाड, खाली स्वतःचं नाव, वय आणि दोन-चार ओळी. हे दहा वर्षांच्या पोरीचं होतं. एका शब्दाचे दोरे झडून नुसती भोकं उरली होती. भाईनं ते उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं.

"एक गाठ नाय, वहिनी. माझी पोर पण दहाचीच."

त्याच आठवड्यात त्याच्या पोरीचं मुंबईत ऑपरेशन ठरलं. तिच्या हृदयाला भोक होतं. पासपोर्ट अरबाबकडे, म्हणजे दुकानाच्या मालकाकडे. तो म्हणाला, मॅडमचं काम पुरं कर, मग जा. मी तणतणत भांडायला गेले, तर मेल्यानं "इन्शाल्ला, इन्शाल्ला" करत चहा मागवला.

भाईचं कामात चित्त लागेना. टाका घालायचा, उसवायचा, पुन्हा घालायचा. "मला बघितल्याशिवाय ती आत जायची नाय हो! वाचा तरी, ह्या पोरीनं काय लिहिलंय?"

मी ते इंग्रजी, भोकांवरून अक्षरं जुळवत, मनातल्या मनात वाचलं. 'मी मेल्यावर हे पाहून माझी आठवण काढा.' झडलेला शब्द नेमका मरणाचा होता.

"मी... मी मोठी झाल्यावर हे पाहून माझी आठवण काढा," मी ठोकून दिलं.

"मोठी झाल्यावर," म्हणत तो त्या आठवड्यात पहिल्यांदा हसला. मग त्या भोकांतून त्यानं असा जीव ओतून तो शब्द भरला की मॅडमलाही नवा कुठला ते ओळखू येईना. पासपोर्ट हातात पडताच "खलास" म्हणायलाही थांबला नाही.

तो परत आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याचा मेहुणा सामान न्यायला आला. पोरगी टेबलावरच गेली होती.

"भाई सुईला हात लावत नाय," तो म्हणाला. "सारखा म्हणतो, वाचताना वहिनी अडखळल्या होत्या. आपल्या हातानं काय भरलं, विचारून ये म्हणाला."

"मोठी झाल्यावर, असंच होतं. माझ्या दोन्ही मुलांची शपथ, म्हणावं."

दोघंही वर घरात अभ्यास करत होती.