पोत्यावर दोन थापा

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ते पिल्लू बोक्यानं नेलं नव्हतं. ते माझ्या हातून मेलं.

पण आधी अक्काबद्दल सांगतो. रामनगरच्या ज्या भाताच्या गिरणीत मी मशीन चालवतो, तिथं ती तांदूळ पाखडायला यायची. कुठलंही पोतं हलवायच्या आधी त्यावर दोन थापा मारायची आणि विचारायची, "कोन हाय काय रं आत?" आमच्याकडं रान दाराशीच, पोत्यांच्या थप्पीत साप, विंचू, काहीही निघतं. तरी मला हसू यायचं.

"अक्का, आत तहसीलदार झोपलाय."

"मग त्येलाबी उठीव, तम्मा." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मला ती तसंच म्हणायची. अशी एखादी सवय तुम्हीही कुणाची तरी पाहिली असेल आणि हसला असाल.

गिरणीत एक कबरी मांजर होती. सुगीनंतर ती रिकाम्या पोत्यांत व्याली. तीन पिल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर बाहेर गेलेली, अक्का अजून आलेली नव्हती. मी पाठीवरचं भाताचं पोतं तसंच त्या रिकाम्या पोत्यांवर टाकलं. थाप न मारता. सरकवलं तेव्हा खालचं पिल्लू दिसलं.

मागच्या अंगणात तुसाचा ढीग होता. त्यात पिल्लू खोल पुरलं आणि हात धुतले. अक्का आली तेव्हा मांजर गिरणीभर ओरडत फिरत होती.

"बोक्यानं नेलं वाटतं," मी म्हणालो.

अक्कानं मागच्या खिडकीकडं पाहिलं. "काल सांजचं म्याच उघडी ठेवली ही. माझ्याच हातनं झालं, तम्मा."

तेव्हाच बोलायचं होतं. मी मशीनचा पट्टा चढवायला वळलो.

"मशीन लावू नगंस," ती म्हणाली. "ती हाक मारती. जबाब येतो काय, ऐकू दे तिला."

दुपारपर्यंत गिरणी बंद. भात घेऊन आलेला एक म्हातारा कावला, "मांजराचं सुतक धरलंय काय गिरणीनं?"

"व्हय, धरलंय," अक्का म्हणाली. "तुमचं भात काय पळून जात न्हाई, मामा. बसा."

म्हातारा बसला.

पिल्लं जिथं होती, तिथलं गोणपाट तिनं झटकू दिलं नाही. "वास तरी ऱ्हाऊ दे." ते खोक्यात अंथरून उरलेली दोन पिल्लं तिनं त्यावर ठेवली. मांजरीला पेजेत सुक्या मासळीचं डोकं कुस्करून दिलं. एक आचळ टणक झालं होतं. अक्कानं कोमट फडक्यानं ते शेकलं आणि थोरल्या पिल्लाला तिथंच लावलं. मांजर चार घोट पाजायची, उठायची आणि सरळ तुसाच्या ढिगावर जाऊन बसायची.

तिसऱ्या दिवशी अक्काही तिच्याशेजारी ढिगावर बसली. मी दारात उभा होतो.

"हिला मेलेलं तरी दिसाय पायजे होतं," ती म्हणाली. "मग ती सोडती. माझं पयलं सकाळी रडलं नि दुपारी गेलं. बाप्या मान्सांनी नेलं. मला दावलं न्हाई. कच्ची बाळंतीण, बघू नगं म्हनले. आता त्या जागंवर सुप्याच्या धरनाचं पानी हाय. पर अजून वाटतंय बघ, कुटंतरी आसंल."

पिल्लू तिच्यापासून दोन हातांवर होतं. मी फावडं आणू शकलो असतो. मी म्हणालो, "चहा घेतीस, अक्का?"

हळूहळू मांजर ढिगावर जायची थांबली. "विसरली," मी म्हणालो.

"इसरली न्हाई. दमली."

त्यानंतर अक्का सात वर्षं गिरणीत आली. घरी जाताना ती खिडकी लावायची, चार पावलं जाऊन परत यायची आणि कडी हातानं ओढून बघायची. रोज. मी बघत असायचो. डोळे अधू झाल्यावर तिचं येणं थांबलं. मागच्या पावसाळ्यात ती गेली. मातीला मीही होतो.

आता पोत्यावर दोन थापा मारल्याशिवाय मी हात लावत नाही. नवी पोरं हसतात. हसू देत.

खिडकीतून काही आलं नव्हतं, अक्का. पोतं मी टाकलं होतं. एवढं तिला सांगायचं होतं, ते अजून राहिलंच आहे.