पिवळे ठिपके

"चालेल ने, मॅडम?" हे तिचं पालुपद. विचारायची, पण तोवर काम उरकलेलं असायचं.

आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ती आली तेव्हा माझे केस पिकायला लागले होते. ती इथल्या समा भागात वाढलेली, घर मराठी, पण वाक्याचं शेपूट, ते 'ने', गुजराती. पाण्यातले रोगजंतू मी प्लेटवर वाढवून ओळखायची, त्याला दुसरा दिवस उजाडावा लागे. तिच्यासाठी नवं पीसीआर मशीन आलं. ते थेट जंतूचा जीन शोधायचं. सकाळी नमुना, दुपारी उत्तर. साहेब येता-जाता तिच्याच टेबलाशी थांबायचे. माझ्याकडे वळायचे ते चहाचं विचारायला.

तुम्हालाही अशी एखादी सहकारी भेटली असेल. तिच्यात खोट शोधावी तर सापडत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. एकदा तिला भेटून आल्यावर नवरा म्हणाला, "हुशार आहे गं पोरगी." मी आमटीचं भांडं त्याच्यासमोर आदळलं.

मग पाणीगेटच्या एका गल्लीत मुलांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. नळाचे नमुने आले. दुपारी ती म्हणाली, "कॉलरा आहे, मॅडम."

"मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो मशीनला," मी म्हटलं. "उद्या माझी प्लेट बघू, मग बोल."

"पण लोक आज पण तेच पाणी पितील ने?"

ती साहेबांकडे गेली. संध्याकाळच्या आत नळ बंद झाले, टँकर पोचले.

दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर जंतूंचे पिवळे ठिपके उगवले होते. कॉलराच. पण बघायला कोण येणार? गल्लीत फुटकी पाइपलाइन सापडली होती आणि सगळे तिच्या टेबलाभोवती जमले होते.

ती मात्र घोळक्यातून उठून माझ्याकडे आली. प्लेट उजेडात धरून बघत राहिली.

"किती मस्त दिसतात! मला तर स्क्रीनवर नुसती रेघ दिसते. खरं सांगू, मॅडम? मी जळते तुमच्यावर."

"सांभाळ, पडेल," म्हणत मी प्लेट काढून घेतली. त्या दुपारी मात्र आम्ही डबा एकत्र खाल्ला.

गेल्या उन्हाळ्यात ती संशोधनासाठी परदेशी गेली. मशीन माझ्याकडे आलं. परवा माझंही उत्तर दुपारच्या आत तयार होतं. साहेब टेबलाशी थांबले, "वा!" म्हणाले. मी हसून शेजारी पाहिलं. तिच्या खुर्चीवर हातमोज्यांचे खोके रचलेले होते.