उलटी फुलं

पेंटरकाकांनी उभं आयुष्य गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवण्यात घालवलं. काळा, पांढरा, पिवळा, एवढ्या रंगांत त्यांचं जग संपायचं. त्यामुळे दुकानातल्या मुलीने नेलपॉलिशच्या बाटल्यांची रांग समोर मांडून "मॅट दाखवू की ग्लॉसी, काका?" असं विचारलं, तेव्हा ते पार गांगरले.

"पटकन वाळेल ते दे," ते म्हणाले. मुलगी फिस्सकन हसली. यात हसण्यासारखं काय होतं, ते काकांना काही कळलं नाही. हल्ली त्यांना बऱ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या होत्या.

काकूंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यातून त्या वाचल्या, पूर्वीसारख्या डाफरायलाही लागल्या. पण जगाची डावी बाजू त्यांच्या लेखी उरलीच नव्हती. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायच्या आणि "आज एवढंसंच वाढलंत?" म्हणून काकांवर घसरायच्या. काका मुकाट्याने ताट फिरवायचे. आणि डावा हात? तो तर त्यांना परकाच वाटायचा.

"अहो, त्या बाईला हात उचलायला सांगा ना. केव्हाचा माझ्या मांडीवर टाकलाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काकांनी खरोखरच मागे वळून पाहिलं होतं, कोण बाई आली म्हणून.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काका, हातात अजून जीव आहे. पण तो आपला आहे हेच त्यांना पटत नाही, तोवर माझा व्यायाम फुकट. त्यांची नजर तिकडे वळली पाहिजे. नखं रंगवून बघा, त्यांच्या आवडीचं काहीतरी काढा."

आता आवडीचं म्हणजे काय? इतकी वर्षं संसार करून हे आपल्याला सांगता येऊ नये, याची काकांना लाज वाटली. मग खिडकीतल्या कुंड्यांकडे लक्ष गेलं. काकूंचा सगळा जीव त्यांच्यात. एखादं रोप जरा कुठे कलंडलं की लगेच कुंडी उजेडाकडे फिरवायच्या. ठरलं तर मग, पानं आणि फुलं.

दुपारी काकूंना खुर्चीत बसवून काकांनी समोर स्टूल ओढलं, त्यावर तो हात ठेवला आणि स्वतः पलीकडे बसले. नखांना आधी फिका पोपटी रंग दिला. तो वाळल्यावर सगळ्यात बारीक ब्रशने एकेक देठ ओढला, देठाला दोन पानं काढली. टाचणीचं डोकं पांढऱ्या रंगात बुडवून गोल ठिपके दिले, त्या झाल्या पाकळ्या. मध्ये पिवळा ठिपका. करंगळीच्या नखाशी तर त्यांनी श्वासच रोखून धरला.

"काय करताय?" काकूंनी उजवीकडच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"नखं रंगवतोय."

"कुणाची?"

"त्या बाईंची," ते कसेबसे म्हणाले.

"रंगवा बापडे. माझी नाही रंगवलीत कधी ती!"

बायको समोर बसली होती, तिचाच हात आपल्या हातात होता, आणि तिची समजूत कशी काढायची ते त्यांना उमगत नव्हतं. काम उरकून त्यांनी स्टूल हळूच थोडं काकूंच्या उजवीकडे सरकवलं. काकूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. हिरमुसून काका ब्रश धुवायला मोरीकडे गेले.

"अहो!"

ते धावत आले. काकू मान वळवून स्टुलाकडे बघत होत्या. कपाळावर चांगली आठी होती.

"ही फुलं उलटी काढलीत."

काकांनी समोरून पाहिलं. "सरळ तर आहेत."

"तिथून काय बघताय? इकडे या."

ते खुर्चीमागे गेले, काकूंच्या खांद्यावरून वाकले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. सगळी फुलं खाली डोकं वर देठ करून लटकत होती. नंबर समोरच्याला वाचता आला पाहिजे, गाडीत बसलेल्याने तो कशाला बघायचा? जन्मभराची सवय नडली होती.

"चुकलंच माझं. पुसतो आणि पुन्हा काढतो. त्या बाईंना सांगू आपण, थोडा वेळ..."

"कुठली बाई? नखं माझी आहेत!"

काका जागच्या जागी थिजले. काकूंनी उजव्या हाताने डावा हात उचलला, बोटं दुमडली आणि कुंडी फिरवावी तसा तो हळूच आपल्याकडे वळवला. फुलं सरळ झाली.

"बघत काय उभे राहिलात?" त्या म्हणाल्या. "पुसू नका. वाळू द्या आधी."

काकांनी मान डोलावली. आपण हसतोय की रडतोय, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.