घोटा सुटला आणि परब काकू घरी आल्या

परब काकू गेल्या.

मुलुंड ईस्टच्या बातम्या जिच्याकडून घरोघरी पोचायच्या ती बाई गेली, आणि हे मला कळलं व्हॉट्सअॅपवर. आधी हसू आलं. मग रडू आलं.

वय झालं होतं. झोपेत गेल्या. त्रास नाही झाला, असं त्यांचा मुलगा म्हणाला.

आताच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण ऐंशीच्या दशकात मुलुंड म्हणजे गाव होतं. दादरला जायचं असलं तरी आमचे बाबा म्हणायचे, "मुंबईला जाऊन येतो."

आणि गावात जे असतं ते सगळं होतं. मी स्टेशनजवळ वर्गातल्या मुलाबरोबर भेळ खाल्ली, तर घरी पोचायच्या आत आई दारात उभी. "कोण गं तो चष्मेवाला?"

काकू आमच्या बाजूच्या खोलीत राहायच्या. मालवणच्या. कॉमन गॅलरीत तांदूळ निवडायला बसल्या की रस्ता, नळ, जिना, सगळं त्यांच्या टप्प्यात. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही यार. आम्ही पोरी त्यांना सीआयडी म्हणायचो.

आणि अशा बाईच्या शेजारी राहून मी चोरून कबड्डी खेळत होते!

आईला सांगायचे एक्स्ट्रा क्लास आहे. हाफ पॅन्ट आणि बनियन माझ्या मैत्रिणीकडे, जयूकडे ठेवायचे. धुवायची तीच, वाळत घालायची तीच. बिचारी.

चोरून का? तर बाबांमुळे.

बाबांची गिरणी संपानंतर पुन्हा उघडलीच नाही. तेव्हापासून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. कोणाशी बोलणं नाही, कुठे जाणं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सारायचे. आई म्हणायची, "त्यांना काही बोलायला जाऊ नका रे, आधीच माणूस पिचलाय."

एकेकाळी ते स्वतः गिरणीच्या टीममध्ये खेळायचे, हे मला माहीत होतं. पण त्यांचं खेळणं वेगळं आणि वयात आलेल्या मुलीनं हाफ पॅन्ट घालून मैदानात लोळणं वेगळं. कळलं तर माझा खेळ बंद, असं मी धरूनच चालले होते.

आणि आमची टीम सेमीफायनलला गेली.

मॅच आमच्याच मैदानावर. मी कोपऱ्यात उभी. समोरची पोरगी चढाईला आली, मी खाली वाकून तिचा घोटा धरला, आणि तेवढ्यात समोर बघते तर काय...

गर्दीत परब काकू. हातात भाजीची पिशवी. डोळे माझ्यावर.

माझा हात सुटला. पोरगी मध्यरेषा ओलांडून पळाली.

मॅच आम्ही कशीबशी जिंकलो, पण मला कसला आनंद? जयू म्हणाली, "संध्या, वाट लागली तुझी."

घरी पोचले. काकू आमच्या दारात, कमरेवर हात. बाबा खुर्चीत. आई कढईसमोर, गॅस बंद करून.

"भावजी, हातात इलेलो घोटो सोडल्यान तुमच्या चेडवान!" काकू ओरडत होत्या. "सगळ्या मैदानासमोर! गिरणीवाल्याचा चेडू ना ह्या? लाज काढल्यान!"

मी डोळे मिटले. आता कानाखाली बसणार.

बाबा म्हणाले, "कुठला पाय होता?"

"अं?"

"तिचा पाय गं. डावा की उजवा?"

"डावा."

"मग एका हातानं कशाला धरलास? दुसरा हात काय पूजेला ठेवला होतास?"

हाफ पॅन्टबद्दल एक शब्द नाही! घोटा का सुटला, एवढाच राग.

बाबा उठले. खरंच उठले. खाट भिंतीला उभी केली, लेंगा वर खोचला आणि म्हणाले, "धर माझा पाय." मी धरला की ते झटकायचे, मी धाडकन फरशीवर. परत धर. परत धाडकन.

"अहो, खालचे वर येतील भांडायला!" आई ओरडली.

खालचे आलेच. भांडायचं विसरून दारात उभे राहून बघत बसले. काकू सगळ्यात पुढे. "गुडघो टेक गो, गुडघो!"

आईनं पदर तोंडावर धरला होता. मला वाटलं रडतेय. हसत होती.

रविवारी फायनलला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला.

आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलो.

तरी घरी येताना बाबा रस्ताभर बोलत होते. त्या बसलेल्या आवाजात. कोणती पकड चुकली, कोणी घाई केली, गिरणीच्या मैदानावर ते कसे खेळायचे. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला हरल्याचं काही वाटेना.

दुसऱ्या दिवसापासून ते आम्हा पोरींना शिकवायला मैदानावर यायला लागले. तिथेच ओळखी झाल्या, त्यातून भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. खुर्ची गॅलरीतून आत आली.

माझ्या लग्नात काकूंच्या पाया पडताना मी म्हटलं, "काकू, तुम्ही त्या दिवशी मुद्दाम आलात ना? बाबांना उठवायला?"

काकूंनी मला वेड्यात काढलं. "कसला मुद्दाम? तू घोटो सोडलंस, ता माका बघवला नाय!"

खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही, तेव्हा हेच खरं असणार.

काकू, मुद्दाम असो नसो, माझे बाबा मला तुमच्यामुळे परत मिळाले. शांत झोपा.

तुमची,
बाजूच्या खोलीतली संध्या