क्रियापदापाशी अडलेला माणूस

देवानं सगळ्यांना जीभ दिली ती बोलायला, पण आमच्या साडूंना ती शब्द चाखून बघायलाच दिलेली आहे. इंग्रजीतलं एक साधं क्रियापद निवडायला या माणसाइतका वेळ लावणारा प्राणी प्रवरेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी नोकरी सुप्याच्या एका कारखान्यात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर ते नेवाशाला आमच्या शेजारी राहायला आले. शेजारी कसले, माझ्या पंपाच्या दुकानातच मुक्कामाला आले म्हणा! नोकरी सुटली, खोड सुटली नाही. त्यांच्या मते इंग्रजीत एका अर्थाचे दोन शब्द असूच शकत नाहीत. "अहो साडू," ते मला म्हणतात, "दोघं भाऊ सारखे दिसतात म्हणून एकाच्या हळदीला दुसऱ्याला पाटावर बसवता का?" यावर काय बोलणार, कपाळ?

सुप्याला असताना पारनेरकडच्या एका कामगारानं त्यांना रजेचा अर्ज इंग्रजीत लिहून मागितला होता. बिचाऱ्याला मेहुणीच्या लग्नाला जायचं होतं. साडू 'जाणे' या शब्दापाशीच बसले. 'गो' लिहावं तर त्यात परत यायचं काही दिसत नाही. 'लीव्ह' लिहावं तर साहेबाला वाटायचं, गड्यानं नोकरीच सोडली. 'डिपार्ट' म्हणजे तर थेट स्वर्गवासी. तो कामगार वाट बघून बघून तसाच गेला, वरातीत नाचला, घसा बसवून परत कामावर आला, तेव्हा साडू त्याला म्हणाले, "बरं झालं भेटलास, 'प्रोसीड' कसं वाटतंय?"

माझ्या दुकानाच्या पाटीची तर त्यांनी पार वाट लावली. आम्ही पंप दुरुस्त करतो, एवढंच इंग्रजीत लिहायचं होतं. माझीच अक्कल चरायला गेली होती म्हणून मी त्यांना विचारलं. "'मेंड' नको, ते गोधडीला लावतात. 'फिक्स' म्हणजे भिंतीत खिळा ठोकल्यासारखं. आणि 'रिपेअर' म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटणार, पंप मेलाच होता." शेवटी पेंटर वैतागला. "शेट, मी अलीकडचं अन् पलीकडचं रंगवून ठिवतो, मधलं तुमचं ठरलं की सांगा," म्हणून तो गेला तो गेलाच. मधे रिकामी जागा सोडलेली ती पाटी दुकानावर लटकली आणि येणारा प्रत्येक शेतकरी आधी वर बघून विचारायचा, "शेट, तुमी पंपाचं नेमकं करता तरी काय?"

घरात आमची आक्का, म्हणजे साडूंची बायको, हे सगळं कसं सोसते ते तिचं तिला ठाऊक. एकदा ती त्यांना "दुधाकडं बघा" म्हणून शेजारी हळदीकुंकवाला गेली. आली तर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली चाललेलं आणि साडू समोर खुर्ची टाकून बसलेले. "बघितलं की मी," ते शांतपणे म्हणाले. "पण तू 'सी' सांगितलंस का 'वॉच', हे मला नीट कळलं नव्हतं." आक्कानं तेव्हा जे मराठीत ऐकवलं, त्यातल्या एकाही क्रियापदाला साडूंनी पर्याय सुचवला नाही.

पण आता सांगतो ती गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. साडूंचा एकुलता एक मुलगा बंगळूरला असतो. त्यानं तिथल्याच ऑफिसातल्या एका केरळच्या मुलीशी लग्न केलं. पोरगी गुणाची, पण आई लहानपणीच गेलेली. वडील मस्कतला, त्यांचा दुसरा संसार. तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि साडूंचं हिंदी म्हणजे ट्रकवाल्यांशी भांडण्यापुरतं. म्हणजे सासऱ्याची आणि सुनेची बोली इंग्रजी! दोन वर्षांत ती इथं दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा साडू तिच्याशी हवापाण्यावर जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. अशात तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि हिला तर माहेरच नाही. आक्कानं धोशा लावला, पोरीला इथं आणा. मुलगा म्हणाला, "आई, मी म्हणालो तर तिला वाटेल, मी तिला लांब पाठवतोय. अप्पांनाच तिला विचारू दे." सातव्या महिन्यानंतर डॉक्टर प्रवास करू देणार नव्हते. तेवढ्या मुदतीत साडूंनी सुनेला मोबाईलवर दोन ओळी लिहायच्या होत्या.

झालं! साडू क्रियापदापाशी अडले. रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन नवा शब्द माझ्यापुढं ठेवायचे, भाजीतलं मीठ बघायला सांगावं तसे. "'इन्व्हाइट' कसं वाटतं? नको. ते परक्या माणसाला. पत्रिका, जेवण, पानसुपारी, चला घरी." दुसऱ्या दिवशी 'रिक्वेस्ट'. "छे, त्याच्याखाली शिक्का लागतो." मग 'कॉल'. "शिपायाला हाक मारल्यासारखं होतंय हो." आग्रहाचा तो इंग्रजीतला 'अर्ज' म्हणजे पाठीमागून ढकलल्यासारखं. मी वैतागून म्हणालो, "अहो, सरळ 'आस्क' लिहा आणि मोकळे व्हा!" साडू हळूच म्हणाले, "विचारलं की ती नाही म्हणू शकते, साडू." तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. हा माणूस शब्दाला घाबरत नव्हता, नकाराला घाबरत होता. मला एकदम त्यांची फार दया आली.

आणि एका दुपारी मुलाचा फोन आला. तिनं बंगळूरलाच एक बाई ठरवली होती. अंघोळ, मालीश, बाळाचं सगळं ती बाईच बघणार होती. प्रवासाची मुदत संपायला आठवडा उरला होता. मी त्यांच्याकडं गेलो तर साडू मोबाईल मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसलेले आणि आक्का पदरानं डोळे पुसत त्यांना बोलत होती.

"तुमच्या त्या शब्दापायी पोर परक्या बाईच्या हाती चालली. कोन हाय तिला? आपन सुदीक न्हाई?"

"अगं, योग्य शब्द सापडला असता तर..."

"कशाला पायजे शब्द? लेकीला कागद धाडून बाळंतपनाला आनत्यात व्हय? मुराळी जातो आनायला! माझ्या टायमाला माझा बाप यष्टीनं आल्ता. दारात बसला, तांब्याभर पानी प्याला अन् म्हनला, चल. झालं."

माहेरून लेकीला न्यायला जो माणूस येतो, तो मुराळी. बाप जातो, नाहीतर भाऊ. सासऱ्यानं मुराळी होऊन सुनेला आपल्याच घरी आणायचं, असं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. साडूंनीही ऐकलं नसावं. पण ते उठले, आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. "पाव्हणं, तुमी जा संगं," आक्का मला म्हणाली, "न्हाईतर हे तिकिटाच्या खिडकीपाशी अडायचे." तिनं सांज्याच्या पोळ्यांची शिदोरी बांधली, वर नारळ आणि हिरवी साडी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नगरहून रेल्वेनं निघालो.

गाडीत मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. कसलं काय! सोलापूरच्या अलीकडे त्यांनी मला गदागदा हलवून उठवलं. "साडू, सापडला! 'फेच'! जाऊन घेऊन येणे. तंतोतंत!" चेहरा असा उजळला होता की मलाही बरं वाटलं. पण थोड्याच वेळात तो उतरला. "पण ते कुत्र्याला चेंडू आणायला सांगतात तेव्हा वापरतात," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

बंगळूरच्या घराचं दार सुनेनंच उघडलं. मुलगा ऑफिसात होता. आम्हाला बघून ती घाबरलीच. "अप्पा? व्हॉट हॅपन्ड?" साडूंनी चप्पल काढली, खाली जमिनीवर बसले, तिनं दिलेलं पाणी घटाघटा प्यायले आणि शिदोरी तिच्यापुढं सरकवली. मग काही बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पोरगी एकदा त्या पोळ्यांकडं बघे, एकदा त्या साडीकडं, एकदा माझ्याकडं.

शेवटी मीच माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत सुरुवात केली. म्हटलं, आमच्याकडं मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते, आणि तिला न्यायला तिचे वडील येतात. बोलून गेलो आणि जीभ चावली. तिचा चेहरा पडला. ती खाली बघत म्हणाली, "माय फादर इज इन मस्कत, अंकल."

मला कुठं तोंड लपवू असं झालं. आणि एका क्रियापदाला महिना लावणारे आमचे साडू, मान वर न करता, एक क्षणही न थांबता म्हणाले, "नो. ही इज हिअर."

ती तशीच उभी राहिली. मग साडूंच्या समोर जमिनीवर हळूहळू, पोट सांभाळत बसली आणि शिदोरीची गाठ सोडायला लागली. रडत होती, आणि रडता रडताच एक पोळी मोडून तिनं तोंडात घातली. साडू खिशातला रुमाल शोधत होते. मी गॅलरीत गेलो. उगाच बाहेरचा रस्ता बघत उभा राहिलो, डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

नेवाशाला तिला मुलगी झाली. चार महिने आक्कानं दोघींना शेकशेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, काही काही कमी पडू दिलं नाही. मग मुलगा न्यायला आला. साडूंनी पोटच्या पोराला पाटावर बसवून टॉवेल-टोपी दिली आणि "जावईबापू, आमच्या लेकीला नीट सांभाळा" असं अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. पोरगा हसायला लागला, पण बापाचा चेहरा बघून गप्प झाला आणि वाकून पाया पडला.

निघताना ती बाळाला घेऊन साडूंपुढं आली. आमच्याकडच्या लेकी माहेराहून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. हे तिला कुणी शिकवलं, आक्कानं की माझ्या बायकोनं, मला माहीत नाही. ती मराठीत म्हणाली, "अप्पा, येते."

साडूंनी नुसती मान हलवली. गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली, आक्का आत गेली, ऊन पायरीपर्यंत आलं. मी म्हटलं, "चला, दुकानात चहा घेऊ." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." आणि तिथंच फाटकाला धरून, रिकाम्या रस्त्याकडं बघत उभे राहिले.